राक्षसाची शेवटची इच्छा

राक्षसपट, म्हणजे ज्यात एखादे अमानवी, अतिमानवी किंवा निदान अवाढव्य अस्तित्व माणसांच्या सुरळीत चाललेल्या संसारात शिरते, सुमारे दीड तास नासधूस करते आणि अखेरीस ठार होते असा चित्रपट, हा पाश्चात्त्यांचा शोध असल्याचे चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांवरून वाटते. या ग्रंथांचे कर्ते कोल्हापूरला गेलेले दिसत नाहीत. राक्षसपटाचे मुख्य लक्षण असे की त्यात जिंकतो नायक आणि नाव मात्र होते राक्षसाचे, आणि हे लक्षण पंचगंगेच्या काठी चित्रपटकलेच्या जन्मापूर्वी कित्येक शतके सिद्ध झालेले होते. करवीरमाहात्म्याच्या परंपरेतील कथेप्रमाणे महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला, तेव्हा त्याने मरता मरता असा वर मागितला की हे नगर आपल्या नावाने ओळखले जावे, आणि देवीने तो उदार मनाने देऊन टाकला. या औदार्याचा हिशेब पुढे कोणी मांडला नाही, परंतु आजची स्थिती पाहता करवीर हे जुने नाव एका तालुक्यापुरते उरले असून जिल्हा, महानगरपालिका, चप्पल, गूळ, मिसळ आणि तांबडा रस्सा एवढी सगळी मिळकत असुराच्या नावावर चढलेली आहे. गावाचे नाव डोंगरदऱ्यांच्या भूरचनेवरून पडले असे मानणारेही अभ्यासक आहेत आणि त्यांची मते विचारार्ह आहेत. पण भूरचनेचे चाहते नसतात, त्यामुळे ती मते ग्रंथांतच राहिली.

राक्षसपटाचे दुसरे लक्षण म्हणजे त्याचा शेवट सर्वांना ठाऊक असूनही तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो. याचीही सोय कोल्हापुराने फार आधी लावून ठेवली. कोल्हासुराच्या वधानंतरच्या आनंदोत्सवात त्र्यंबोली या देवीला बोलावणे राहून गेले, म्हणून ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली, अशी आख्यायिका आहे. तिची समजूत घालण्यासाठी दर नवरात्रात आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तेथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडून असुरवधाचा प्रसंग पुन्हा घडवला जातो. फुटलेल्या कोहळ्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते ती भक्तीची असते यात शंका नाही, परंतु तिच्यात जाणकार प्रेक्षकाचाही थोडा अंश असावा असे मानायला जागा आहे, कारण असुर मरणार की नाही याविषयी त्या गर्दीत कोणाच्याही मनात तिळमात्र उत्कंठा नसते आणि तरीही कोणी घरी थांबत नाही. ज्या प्रेक्षकाचा मूळ खेळ चुकला त्याच्यासाठी तो पुन्हा लावणे, आणि मग लोकाग्रहास्तव दरवर्षी लावत राहणे, या व्यवहाराला चित्रपटधंद्यात पुनःप्रदर्शन म्हणतात आणि हॉलिवूडला त्याचे महत्त्व कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

हॉलिवूडची सुरुवात अर्थात जोरदार होती. युनिव्हर्सल या संस्थेने १९३१ च्या फेब्रुवारीत टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित ‘ड्रॅक्युला’ आणि नोव्हेंबरात जेम्स व्हेल दिग्दर्शित ‘फ्रँकेन्स्टाइन’ पडद्यावर आणला, पाठोपाठ १९३२ मध्ये ‘द ममी’ आणि १९३३ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आला, आणि पाहता पाहता राक्षसांचे एक घराणे उभे राहिले. या घराण्यातील नायकांची नावे आज कोणाला आठवतात, हा प्रश्न क्रूर असला तरी शास्त्रीय आहे. डेव्हिड मॅनर्स नावाच्या देखण्या नटाने ‘ड्रॅक्युला’तही नायिकेचा प्रियकर साकारला आणि ‘द ममी’तही, म्हणजे जागतिक कीर्तीच्या दोन राक्षसांसमोर तो दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा सुखरूप वाचला, एवढे करूनही त्याच्या नावाचा पेला, बनियन किंवा मुखवटा कोठे विकला गेल्याचे ऐकिवात नाही, उलट बेला लुगोसीने पांघरलेला झगा अजून जगभर भाड्याने मिळतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची कथा तर याहून बोलकी आहे. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचे आडनाव आहे आणि त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच नाही, चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीतही राक्षसाच्या भूमिकेपुढे बोरिस कार्लॉफचे नाव न देता नुसते प्रश्नचिन्ह छापले होते. परंतु प्रेक्षकांनी एवढ्या नाजूक भेदात न शिरता शास्त्रज्ञाचे आडनाव राक्षसाला बहाल केले. कोल्हासुराला निदान विनंती तरी करावी लागली होती. या बिचाऱ्याने तोंड न उघडता मालकाच्या आडनावावर ताबा मिळवला.

लुगोसीच्या ड्रॅक्युलाविषयी आणखी एक गोष्ट नोंदवावी लागेल, ती म्हणजे या जगद्विख्यात रक्तपिपासूचे सुळे संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाहीत, आणि त्याला दूर ठेवण्यासाठी कथापरंपरेतला लसूण न वापरता बचनागाच्या कुळातली एक विषारी वनस्पती वापरलेली आहे. हा बदल कोणत्या कारणाने झाला असेल तो असो, परंतु जेथे मटणाच्या वाटणात लसूण मोजून घालणे हे कंजूषपणाचे लक्षण मानले जाते त्या शहरात ही गोष्ट पटणे कठीण आहे.

त्याच १९३१ साली कोल्हापुरात काय चालले होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १ जून १९२९ रोजी येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्या वर्षी व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चंद्रसेना’ हा मूकपट काढला, ज्याची कथा अहिरावण-महिरावणाच्या पाताळातली, म्हणजे राक्षसांच्या थेट राहत्या घरातली होती. लुगोसी ट्रान्सिल्व्हेनियाच्या खोट्या किल्ल्यात जिना उतरत होता, तेव्हा कोल्हापूरकर कलावंत पाताळ उभारण्यात गुंतलेले होते, आणि दोन्हीकडे लाकूड, कापड, रंग व धूर हीच सामग्री होती. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य प्रेक्षकाला राक्षस नवा होता, त्याची ओळख करून देण्यात चित्रपटाचा पहिला अर्धा तास खर्ची पडे. मराठी प्रेक्षकाला त्याचे आजोळ, पणजोबा, मिळालेले वर आणि त्या वरांतल्या पळवाटा तोंडपाठ होत्या, त्यामुळे दिग्दर्शकाला एकच काम उरे, ते म्हणजे राक्षस खरा वाटवणे.

हे काम किती चोख झाले पाहिजे याचा दंडक बाबूराव पेंटर यांनी आधीच घालून दिला होता. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कोल्हापूरच्या कलावंताने चित्रपट काढण्यासाठी कॅमेरासुद्धा घरीच घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आणला, ज्यावर खूश होऊन लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. या चित्रपटातील भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की प्रेक्षक हादरून गेले आणि पुढे त्या दृश्यावर कात्री चालवावी लागली. कीचक हा काटेकोर वर्गीकरणात राक्षस नव्हे, तो विराटाचा मेहुणा आणि सेनापती होता, आणि मेहुण्यांना सरसकट राक्षसगणात घालणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु पडद्यावरील वर्तन, शरीरयष्टी आणि अंतिम गती या तिन्ही कसोट्यांवर तो राक्षसपटात सामावतो. हॉलिवूडमध्ये राक्षस लोकांना मारतो म्हणून सेन्सॉर बोर्ड अस्वस्थ होई, कोल्हापुरात राक्षसालाच इतक्या मनापासून मारले गेले की सरकारला मध्ये पडावे लागले.

भीमाचा उल्लेख आला आहे तर ‘किंग काँग’चाही येथेच परामर्श घेणे सोयीचे होईल. १९३३ च्या या चित्रपटातील काँग हा महाकाय वानर प्रत्यक्षात सुमारे १८ इंच उंचीची बाहुली होता. आत धातूचा सांगाडा आणि वर सशाची कातडी अशा या बाहुलीचा हात किंवा पाय केसभर हलवून एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवून दुसरे घ्यायचे, आणि सेकंदाला चोवीस या वेगाने ती दाखवली की बाहुली चालू लागते, ही स्टॉप मोशन नावाची पद्धत विलिस ओब्रायन यांनी त्यात वापरली. बाहुलीला हात लावताना बोटांनी फर विस्कटत असे, त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस उगाचच सळसळताना दिसत. तंत्रज्ञ या दोषाने धास्तावले होते, पण चित्रफीत पाहून वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली, कारण काँगचे केस रागाने उभे राहतात असा त्यांचा समज झाला. कचेरीत वरिष्ठांच्या गैरसमजावर उभी असलेली कीर्ती कशी सांभाळावी, याचे यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ओब्रायन यांनी तरुणपणी मुष्टियुद्ध केलेले होते आणि काँग व टायरॅनोसॉरस यांच्या झुंजीत त्या अनुभवाचा त्यांनी भरपूर उपयोग केला, हे चित्रपटतज्ज्ञ सांगतात; पण त्या झुंजीचे खरे मूल्यमापन राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाच्या मातीत ज्याचे डोळे तयार झाले आहेत असा कुस्तीशौकीनच करू शकेल. सामान्य प्रेक्षकाला तेथे दोन प्राणी भांडताना दिसतात. शौकिनाला मात्र काँगने प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन आदळले तो धोबीपछाडीचा प्रकार असल्याचे तत्काळ कळते, डायनासोरचे हात आखूड असल्यामुळे ही जोड मुळातच चुकीची लावली गेली होती हेही त्याच्या ध्यानात येते, आणि शेवटी काँग जबडा धरून फाडतो तेव्हा हा डाव कोणत्याही तालमीत मान्य नाही म्हणून तो उठून उभा राहतो. त्याला शांत करण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे भीमाने जरासंधाचे दोन भाग केले होते या पूर्वदाखल्याची आठवण देणे.

येथे चाहता या प्राण्याचा स्वभाव उलगडतो. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे लोक राक्षसपट घाबरण्यासाठी पाहतात, पण खरा चाहता शेवटचे कधी घाबरला होता हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. तो जातो ते पारख करायला. जपानमध्ये १९५४ साली आलेल्या इशिरो होंडा यांच्या ‘गॉडझिला’मध्ये पन्नास मीटर उंचीचा राक्षस टोकियो तुडवतो, पण त्याच्या आत हारुओ नाकाजिमा हा नट होता, त्याच्या अंगावर शंभर किलोंहून जड असा रबरी पोशाख होता, आणि दिवसाचे चित्रण संपले की त्या पोशाखातून पेलाभर घाम ओतून काढावा लागे. ही माहिती कळल्यावर भीती ओसरायला हवी. चाहत्याचे प्रेम मात्र दुप्पट होते. राक्षसाच्या पाठीवरची शिवण दिसली की अन्य प्रेक्षक हसतात, चाहता ती शिवण कोणी घातली याची चौकशी करतो. कॅमेरा जलद चालवून घेतलेले चित्र नेहमीच्या वेगाने दाखवले की हालचाल संथ होते आणि माणसाच्या उंचीचा रबरी देह डोंगराएवढा जड वाटू लागतो, ही युक्ती तो चहाच्या एका कपात तीन वेळा समजावून सांगतो आणि ऐकणाऱ्याने कप खाली ठेवेपर्यंत थांबत नाही. संगणकावर बनवलेल्या आजच्या राक्षसांविषयी त्याची तक्रार असते की त्यांना वजन नाही, आणि ही तक्रार ज्या सुरात केली जाते त्याच सुरात जुने कोल्हापूरकर हल्लीच्या पैलवानांविषयी बोलतात. या अवस्थेला स्थानिक भाषेत ‘नाद खुळा’ म्हणतात आणि तिच्यावर उपाय नाही.

‘किंग काँग’ १९५२ मध्ये पुन्हा लावला गेला आणि त्याने इतका गल्ला जमवला की निर्मात्यांना नव्या राक्षसांची निकड भासली. १९५३ मधील ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ आणि पुढच्याच वर्षीचा गॉडझिला या निकडीतून जन्मले.

हिंदीत राक्षसाला घर मिळवून देण्याचे श्रेय रामसे कुटुंबाचे आहे, आणि त्या घराचा पहिला पत्ता सातारा जिल्ह्यातला आहे. कराचीत रेडिओचे दुकान चालवणाऱ्या आणि फाळणीनंतर मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा १९७० मधील ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक खुर्चीत ताठ बसतात, हे त्यांच्या मुलांनी हेरले. मग सात भावांनी कथा, छायाचित्रण, ध्वनी, संकलन आणि दिग्दर्शन अशी खाती आपसांत वाटून घेतली, सगळे बिऱ्हाड महाबळेश्वरला नेले आणि ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट काढून १९७२ मध्ये प्रदर्शित केला. महाबळेश्वरला त्यापूर्वी लोक स्ट्रॉबेरी खायला आणि मधुचंद्राला जात. त्यानंतरही त्याच कारणांसाठी जात राहिले, परंतु रात्री बंगल्याच्या व्हरांड्यात एकट्याने बसण्याचे प्रमाण कमी झाले असावे. रामसेंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधील सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद केलेले असते आणि त्यावर त्रिशूळ ठेवलेला असतो. ही भूमिका करणारे अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते, आणि ज्या मोडकळीला आलेल्या वास्तूत त्यांना वारंवार वावरावे लागले तिची अवस्था पाहता सामरीच्या चेहऱ्यावरील संताप केवळ अभिनयाचा नसावा.

मराठी राक्षसपटाने मात्र वेगळीच वाट धरली. हिंदी राक्षस उंच होत गेला तसा मराठी राक्षस आखूड होत गेला, आणि महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये तो थेट कडेवर घेण्याजोगा झाला. तात्या विंचू हा कुख्यात गुंड पोलिसांच्या गोळीने मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुलीत शिरतो, ती बाहुली शब्दभ्रमकलेची, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलते करण्याच्या कलेची, आवड असलेल्या लक्ष्याच्या हाती पडते, आणि पुढे काय होते हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. तो मंत्रही येथे उद्धृत करण्याची आवश्यकता नाही, कारण वाचकाने तो एव्हाना मनात म्हणून टाकलेला आहे. या कल्पनेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात असल्याचे अभ्यासक दाखवून देतात, ते खरेच आहे. परंतु अमेरिकी बाहुला चकी हे लाडाचे नाव घेऊन वावरतो आणि मराठी बाहुला तात्या हे वडीलधाऱ्याचे. ज्या समाजात राक्षसालाही वयाचा मान देऊन हाक मारली जाते तेथे भीतीची जात बदलणारच. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेली बाहुली यांच्या संगमातून जे पात्र उभे राहिले ते खुनशी आहे, मत्सरी आहे आणि त्याच वेळी घरातल्या एखाद्या चिडक्या थोरल्या माणसासारखे ओळखीचेही आहे, त्यामुळे १९९३ मध्ये पलंगाखाली पाहून झोपणारी मुले आज नोकरीधंद्याला लागली तरी त्याचे नाव घेताना त्यांच्या चेहऱ्यावर माहेरच्या माणसाचे नाव घेतल्याचा भाव येतो.

तात्या विंचूचे नियमही मराठी मनाला साजेसे तपशीलवार आहेत: ज्याला आपले रहस्य प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरता येते आणि मरण येते ते दोन भुवयांच्या मधोमध लागलेल्या गोळीनेच. हिरण्यकशिपूच्या वराची कलमे ज्यांनी लहानपणी पाठ केली आहेत त्यांना यात नवे काही नाही, परंतु चाहत्यांच्या बैठकीत या नियमांवर जो ऊहापोह होतो तो दिवाणी न्यायालयातही ऐकायला मिळत नाही. कोठारे यांच्याच १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये कवटीचा मुखवटा लावलेला कवट्या महाकाळ अवतरतो, ज्याचे नाव ऐकताच शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुका आठवल्याशिवाय राहत नाही. कोल्हासुराने गावाला नाव दिले, येथे गावाचेच नाव असुराला चिकटल्यासारखे वाटते, आणि त्या तालुक्यातील रहिवाशांना परगावी ओळख सांगताना समोरच्याच्या ओठांवर जे हसू दिसते त्याची भरपाई कोणत्या खात्याकडे मागावी हे अद्याप ठरलेले नाही.

या परंपरेतला सर्वांत विचित्र आणि कदाचित सर्वांत मराठी राक्षस हिंदी बोलतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, त्याच्या मुळाशी नारायण धारप यांच्या भयकथेची प्रेरणा आहे, आणि त्यातील हस्तर हा असुर रक्ताचा भुकेला नसून पिठाचा भुकेला आहे. त्याच्याजवळ सोन्याच्या मुद्रा अमाप आहेत, पण धान्य मिळणार नाही असा शाप आहे. म्हणून विनायकराव नावाचा गृहस्थ कणकेची बाहुली घेऊन दोराने विहिरीतून खाली उतरतो, पिठाच्या रिंगणात बसतो आणि हस्तर बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओरबाडतो. पाश्चात्त्य नायक राक्षसाला मारायला जातो, कोकणातला नायक त्याच्याशी अन्नधान्याचा व्यवहार करायला जातो आणि पत्नीलाही खरे सांगत नाही. पुढे त्याचा मुलगा एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेण्याची सूचना करतो, वडिलांना ती पटते, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. घाऊक खरेदीतल्या धोक्यांवर याहून परिणामकारक भाष्य मराठी मातीतून निघालेले नाही.

चित्रपटातील कथेप्रमाणे देवीने आपल्या या लोभी मुलाला इतर देवांच्या तावडीतून वाचवले ते एका अटीवर, की त्याची पूजा कोणी करणार नाही आणि जग त्याला विसरून जाईल. पहिल्या प्रदर्शनात प्रेक्षकांनी ही अट बऱ्यापैकी पाळली, चित्रपटगृहे म्हणावी तशी भरली नाहीत. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला गेला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमला. विहिरीखाली काय आहे, कणीक किती लागते आणि बाहुल्या किती नेऊ नयेत हे सगळे घरच्या पडद्यावर अनेकदा पाहून पाठ झालेले लोक रांग लावून आत गेले, आणि ज्यांना आधीच सर्व ठाऊक होते तेच शेजारच्याला पुढचा प्रसंग आधी सांगत होते.